बाजार अस्थिर असताना पुरवठा साखळी कशी सांभाळावी: एका फाउंड्रीचा दिवसांतला हिशेब

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल औद्योगिक वसाहतीतील एखादी मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे धातू ओतकामाचा कारखाना, महिन्याला तीनशे टन बिडाची कास्टिंग (ओतीव भाग) ओतत असेल, तर तिच्या फाटकातून आत येणारा माल किती लांबून येतो हे एकदा लिहून पाहण्यासारखे आहे. पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून बनवलेले कच्चे लोखंड, गोव्यातील आमोण्याहून किंवा कर्नाटकातील कोप्पळ-होस्पेट पट्ट्यातून येते, सिलिका वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे-फोंडा भागातून घाट चढून येते, बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधणारी माती) कच्छमधून, फेरोसिलिकॉन (बिडात मिसळायचा मिश्रधातू) बऱ्याचदा भूतानमधून किंवा ईशान्य भारतातून आणि पत्र्याचे स्क्रॅप पुण्याच्या वाहन उद्योगातून येते. तयार माल ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यांकडे जातो व त्यातला काही न्हावा शेवा बंदरातून युरोप-अमेरिकेला रवाना होतो. गेल्या काही वर्षांत या मार्गांपैकी एकही निर्वेध राहिलेला नाही. 2020 ची टाळेबंदी, 2021 मधली सेमीकंडक्टर चिपची टंचाई, 2022 मधले युक्रेन युद्ध, 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर सुरू झालेले हल्ले आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत नेलेले आयात शुल्क, या प्रत्येक घटनेचा धक्का शिरोलीच्या वजनकाट्यापर्यंत पोहोचला.

अशा काळात मालकाचे आणि खरेदी विभागाचे लक्ष साहजिकच दरांवर खिळते, कारण दर रोज फोनवर कळतो. दर आपल्या हातात नसतो. दिवस मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात: हातातला साठा किती दिवस पुरेल, पुरवठा तुटल्यास पर्याय उभा राहायला किती दिवस लागतील, आपला पैसा किती दिवस अडकून राहील. पुढील सर्व मार्गदर्शन याच मोजमापात मांडले आहे. उदाहरण फाउंड्रीचे असले तरी मशीन शॉप, फॅब्रिकेशन, अन्नप्रक्रिया किंवा पॅकेजिंगच्या कारखान्यालाही हीच मांडणी लागू पडते, फक्त मालाची नावे बदलतात.

पुरेसे दिवस आणि सावरण्याचे दिवस

पहिले काम असे की, कारखान्यात लागणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहावेत. आज पुरवठा पूर्णपणे थांबला तर हातातील साठ्यावर काम किती दिवस चालेल, हा पहिला आकडा. दुसरीकडून माल मिळवून, तो तपासून, त्यातून पहिले निर्दोष कास्टिंग बाहेर पडेपर्यंत किती दिवस जातील, हा दुसरा. ज्या वस्तूंमध्ये दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, तिथे आपली साखळी तुटू शकते, आणि त्या दोहोंतला फरक हीच त्या वस्तूची जोखीम होय.

ही यादी खरेदीच्या रकमेनुसार लावलेली नसावी. रकमेनुसार वस्तूंचे अ, ब, क असे वर्ग पाडण्याची पद्धत खर्चावर नियंत्रण ठेवण्यासाठी ठीक आहे, पण टंचाईच्या काळात ती दिशाभूल करते. भट्टीच्या अस्तरासाठी लागणारा रॅमिंग मास, डक्टाइल (कमी ठिसूळ बिडाच्या) कास्टिंगसाठी लागणारे नोड्युलरायझर, फिल्टर, स्लीव्ह, इंडक्शन भट्टीच्या पॅनेलमधील थायरिस्टर आणि कपॅसिटर, यांतील एकेका वस्तूचा वर्षभराचा खर्च पिग आयर्नच्या खर्चापुढे किरकोळ असतो, म्हणून त्या नेहमी क वर्गात जातात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. तरीही यातील एक वस्तू संपली की अख्खी भट्टी थांबते. पिग आयर्न एका ठिकाणाहून आले नाही तर चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मिश्रणात, स्क्रॅपचे प्रमाण वाढवून आणि कार्ब्युरायझर (कार्बन वाढवणारा पदार्थ) घालून काही दिवस निभावता येते. रॅमिंग माससाठी असा पर्याय नाही.

दोन्ही आकडे कागदावरून न घेता स्टोअरकीपरला आणि मेल्टिंगच्या फोरमनला विचारून घ्यावेत. पुस्तकी साठ्यात ओला झालेला, मुदत संपलेला किंवा दुसऱ्या ग्राहकासाठी बाजूला काढून ठेवलेला मालही धरलेला असतो. सावरण्याच्या दिवसांत तर हमखास चूक होते, कारण त्यात फक्त वाहतुकीचे दिवस धरले जातात. वाहन उद्योगाच्या ग्राहकाने साच्याची वाळू बांधणारे रेझिन किंवा बाइंडर ठरवून दिलेले असेल, तर ते बदलण्यासाठी ट्रायल हीट (चाचणीचे ओतकाम), नमुने, मापन अहवाल आणि ग्राहकाची लेखी मंजुरी लागते, आणि ही मंजुरी अनेकदा वाहतुकीच्या कित्येक पट वेळ घेते.

साठा शून्याकडे नेण्याचा आदर्श ज्या कंपनीने जगाला घालून दिला, त्या टोयोटाला हा हिशेब दोनदा नव्याने मांडावा लागला आहे. 1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह बनत असे, आणि टोयोटाला लागणारे जवळजवळ सर्व व्हॉल्व्ह त्या एकाच कारखान्यातून येत होते. टोयोटाकडे साठा काही तासांचाच असल्याने जपानमधील तिचे बहुतेक कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला म्हणून आठवड्याभरात गाडी रुळावर आली. पुढे 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांच्याही पुरवठादारांची माहिती गोळा केली आणि ज्या भागांना सावरायला जास्त काळ लागतो, त्यांचा, विशेषतः चिपचा, काही महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा असे ठरवले. 2021 च्या चिपटंचाईच्या सुरुवातीच्या महिन्यांत ही कंपनी इतरांपेक्षा बरी तगली ती त्यामुळेच. तिने कमी साठ्याची पद्धत सोडली नाही. ज्या वस्तूला सावरायला वेळ लागतो तिथे साठा आणि बाकी ठिकाणी नाही, एवढाच बदल तिने केला, आणि लहान कारखान्यालाही तेवढाच पुरेसा आहे.

पैसा किती दिवस अडकतो

अस्थिर बाजारात कारखाने मालाअभावी जितके बंद पडतात, त्यापेक्षा जास्त खेळत्या भांडवलाअभावी अडचणीत येतात, आणि तेही ऑर्डर हातात असताना. याचे कारण समजून घेण्यासाठी ढोबळ हिशेब मांडू. समजा कारखान्याचा रोजचा एकूण खर्च 8 लाख रुपये आहे. कच्चा माल सरासरी 20 दिवस पडून राहतो, चालू काम आणि तयार माल मिळून 18 दिवस जातात, ग्राहक 75 दिवसांनी पैसे देतो आणि आपण पुरवठादारांना 35 दिवसांनी पैसे देतो. वीस, अठरा आणि पंचाहत्तर यांच्या बेरजेतून पस्तीस वजा केले की 78 दिवस उरतात. म्हणजे या व्यवसायात कायम सुमारे 6 कोटी 24 लाख रुपये गुंतलेले असतात.

आता कच्च्या मालाचे दर 20 टक्क्यांनी वाढले. खर्चात कच्च्या मालाचा वाटा 60 टक्के धरला, तर रोजचा खर्च 12 टक्क्यांनी वाढून 8 लाख 96 हजारांवर जातो. दिवस तेवढेच आणि टनही तेवढेच, तरी गुंतलेली रक्कम सुमारे 6 कोटी 99 लाख होते. म्हणजे एकही जादा कास्टिंग न ओतता 75 लाख रुपये जास्त लागले. त्याच वेळी ग्राहकाने 75 चे 90 दिवस केले, तर आणखी सुमारे 1 कोटी 34 लाख लागतात. टंचाईत पिग आयर्नचा विक्रेता उधारी बंद करून आगाऊ रक्कम मागतो, त्यामुळे आपल्याला मिळणारे 35 दिवसही आटतात. हे तिन्ही धक्के सहसा एकत्रच येतात.

बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा, मात्र वर्षातून एकदा ठरते. शिवाय काढता येणारी रक्कम साठा आणि येणी यांवर मार्जिन वजा करून ठरते, आणि बहुतेक बँका 90 दिवसांपेक्षा जुनी येणी त्यात धरत नाहीत. ग्राहकाने पैसे लांबवले की गरज वाढते आणि नेमकी त्याच वेळी बँकेकडून मिळणारी रक्कम कमी होते. म्हणून वर दिलेला हिशेब आपल्या आकड्यांनी करून पाहावा, दरवाढ 10, 20 आणि 30 टक्के धरून तीन रकाने भरावेत आणि तो कागद घेऊन बँकेत आधीच जावे. तात्पुरती वाढीव मर्यादा मागणारा अर्ज खाते सुरळीत असताना केला तर त्याचा विचार होतो; मर्यादा ओलांडून गेल्यावर तोच अर्ज तक्रारीसारखा वाचला जातो.

दिवस कमी करण्याच्या जागाही याच हिशेबात दिसतात. चालू कामाचे 18 दिवस बहुधा फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणे) आणि मशीनिंगच्या दारात पडलेल्या ढिगांमुळे होतात. ओतण्याचा वेग फेटलिंगच्या वेगापेक्षा जास्त ठेवण्यात काहीच अर्थ नसतो, तरी भट्टी रिकामी ठेवायची नाही या हट्टापायी तसे केले जाते. एक टन बीड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. ती वीज जाळून बनवलेले कास्टिंग तीन आठवडे अंगणात ठेवणे, हे चढ्या दराच्या काळात सर्वांत महागडे साठवण आहे. तेथील चार दिवस वाचवले तर, आपल्या उदाहरणात, 32 ते 36 लाख रुपये मोकळे होतात, आणि त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

कशाचा साठा करावा, कशाचा करू नये

ज्याला सावरायला वेळ लागतो, जे स्वस्त आहे आणि जे खराब होत नाही, त्याचा साठा मोकळ्या हाताने करावा. रॅमिंग मास, फिल्टर, भट्टीचे सुटे भाग आणि बेंटोनाइट यात येतात. रेझिन आणि हार्डनरला मुदत असते, म्हणून ते बेताने घ्यावे आणि आधी आलेले आधी वापरावे. पिग आयर्न आणि स्क्रॅप यांचा साठा कामापुरताच असावा, कारण पैसा तिथेच अडकतो आणि त्यांचे दर दोन्ही दिशांनी हलतात.

सुरक्षित साठा किती असावा यासाठी एक सोपे सूत्र पुरते. रोजचा जास्तीत जास्त वापर गुणिले माल येण्यास लागणारे जास्तीत जास्त दिवस, यातून सरासरी वापर गुणिले सरासरी दिवस वजा करावे. नवी वाळू रोज सरासरी 6 टन आणि जास्तीत जास्त 8 टन लागत असेल, गाडी एरवी 3 दिवसांत आणि जुलैत घाटरस्ता खचल्यास 10 दिवसांत येत असेल, तर 80 मधून 18 वजा जाऊन 62 टन हा सुरक्षित साठा होतो, आणि साठा 80 टनांवर आला की नवी मागणी नोंदवावी लागते. हे सूत्र वर्षभर एकाच आकड्याने चालवू नये. वाळूच्या बाबतीत मे महिना संपण्यापूर्वी पावसाळ्याचा आकडा लागू करावा, कारण जूननंतर येणारी वाळू ओली असते, ती सुकवायला इंधन लागते आणि ओलावा राहिला तर कास्टिंगमध्ये वायूची छिद्रे पडतात. साठा पत्र्याच्या छपराखाली आणि जमिनीपासून उंचावर असावा.

भाव वाढणार म्हणून भरून ठेवणे, हा व्यवसाय फाउंड्रीचा नाही. 2022 च्या वसंतात रशिया आणि युक्रेन या दोन मोठ्या निर्यातदारांचा पुरवठा विस्कळीत झाल्याने पिग आयर्नचे दर चढले, आणि आणखी चढतील या समजुतीने अनेकांनी माल भरला. 21 मे रोजी केंद्र सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर आणि पिग आयर्नवर 15 टक्के निर्यात शुल्क लावण्याचे जाहीर केले. देशांतर्गत दर उतरले आणि चढ्या भावाचा साठा अंगावर राहिला. नोव्हेंबरमध्ये तेच शुल्क मागे घेतले गेले. त्याच वर्षी 8 मार्चला लंडनच्या धातू बाजारात निकेलचा दर टनाला 1 लाख डॉलरच्या पुढे गेला, आणि बाजाराने व्यवहार थांबवून त्या दिवशीचे सौदेच रद्द केले. जिथे बाजारच आपले सौदे मागे घेतो, तिथे सट्टा खेळण्याइतकी माहिती कारखान्याच्या खरेदी विभागाकडे असूच शकत नाही. ग्राहकाशी ठरलेल्या दराच्या कालावधीएवढाच कच्चा माल बांधून ठेवावा. दर तिमाहीला ठरत असेल आणि ऑर्डर पक्की असेल, तर त्या तिमाहीच्या मालाचा दर बांधून घेणे ही सावधगिरी झाली. त्यापलीकडचा प्रत्येक टन हा जुगार होय.

शेड्यूलवर किती विश्वास ठेवावा

मंदीची चाहूल फाउंड्रीला सर्वांत उशिरा आणि सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू येते. यामागचे गणित साधे आहे. शोरूममध्ये महिन्याला 100 ट्रॅक्टर विकले जातात आणि विक्रेता दीड महिन्याचा, म्हणजे 150 चा साठा ठेवतो असे समजा. विक्री 90 वर आली. आता त्याला साठा 135 पुरेसा वाटतो, म्हणून तो 90 मधून 15 वजा करून 75 च मागवतो. ट्रॅक्टर कंपनी एक महिन्याचे सुटे भाग साठ्यात ठेवत असेल, तर तिचा हवा असलेला साठा 100 वरून 75 वर येतो, आणि ती 75 मधून 25 वजा करून 50 कास्टिंगची मागणी पाठवते. शोरूममधली 10 टक्क्यांची घट शिरोलीत 50 टक्के होऊन येते. पुढे साठे जागेवर आले की मागणी पुन्हा 90 कडे झेपावते, आणि ज्याने घाबरून कंत्राटी कामगार सोडले त्याच्याकडे ओतायला माणसे नसतात. उलट दिशेनेही हेच घडते: मागणी थोडी वाढली की शेड्यूल, म्हणजे ग्राहकाने महिन्यासाठी कळवलेली मागणी, फुगते, आणि टंचाईच्या भीतीने ग्राहक गरजेपेक्षा जास्त नोंदवून ठेवतात.

यावर उपाय म्हणून ग्राहकनिहाय एक वही ठेवावी. महिन्याच्या सुरुवातीला आलेले शेड्यूल आणि महिनाअखेर झालेली प्रत्यक्ष उचल, असे दोन रकाने वर्षभर भरले की कोणता ग्राहक शंभर सांगून सत्तर उचलतो हे स्पष्ट होते. पुढील नियोजन त्या ग्राहकाच्या सवयीनुसार करावे. त्याचबरोबर अंतिम विक्रीकडे थेट पाहावे. वाहन उत्पादकांच्या संघटनेचे मासिक आकडे प्रामुख्याने कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या गाड्यांचे असतात, तर विक्रेत्यांची संघटना फाडा ही ‘वाहन’ पोर्टलवरील नोंदणीवरून किरकोळ विक्रीचे आकडे दर महिन्याला देते. दोहोंत सतत अंतर पडत असेल, तर विक्रेत्यांकडे माल साचतो आहे आणि दोन-तीन महिन्यांत आपले शेड्यूल कापले जाणार, असे समजून पिग आयर्नची पुढची मोठी मागणी रोखून धरावी.

दुसरा पुरवठादार कागदावर असून भागत नाही

प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूला दोन पुरवठादार असावेत, हे सर्वांना माहीत आहे, आणि बहुतेक कारखान्यांच्या मंजूर यादीत दोन नावे असतातही. पण दुसऱ्याला वर्षभरात एकही मागणी गेलेली नसेल, तर टंचाईच्या दिवशी तो आपल्या नेहमीच्या ग्राहकांनाच आधी माल देणार, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. एकूण खरेदीचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा दुसऱ्याला नियमितपणे द्यावा. त्यासाठी किलोमागे थोडे जास्त पडले, तर तो खर्च विम्याचा हप्ता म्हणून किमतीत धरावा.

दोन नावे म्हणजे दोन स्रोत, असेही नसते. दोन व्यापारी एकाच कारखान्याचे पिग आयर्न विकत असतील किंवा दोन्ही वाळूवाले एकाच घाटातून येत असतील, तर आपल्याकडे पुरवठादार एकच आहे. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला त्याचा माल मुळात कुठून येतो आणि कोणत्या रस्त्याने येतो हे विचारून नोंदवावे. दुचाकी आणि चारचाकी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली तेव्हा, मोटरचे पुरवठादार अनेक असले तरी त्यांचे बहुतेक चुंबक एकाच देशातून येतात, या वास्तवाला सामोरे जावे लागले.

ग्राहकाची मंजुरी लागणाऱ्या वस्तूंचे दुसरे स्रोत काम सैल असताना मंजूर करून घ्यावेत. मंदीत भट्टीला वेळ असतो, ग्राहकाच्या गुणवत्ता विभागालाही वेळ असतो, आणि ट्रायल हीट घ्यायला याहून चांगला काळ मिळत नाही.

करार, येणी आणि कायदा

विक्रीच्या करारात तीन गोष्टी लेखी असाव्यात: कच्च्या मालाच्या दराचे सूत्र, ते किती दिवसांनी लागू होणार, आणि पैसे किती दिवसांत मिळणार. सूत्र बहुतेक मोठे ग्राहक मान्य करतात, पण मागील तिमाहीच्या सरासरीवर पुढील तिमाहीचा दर ठरतो. त्यामुळे चढत्या बाजारात तीन महिने तोटा फाउंड्रीच्या अंगावर राहतो. दर एका ठरावीक टक्केवारीपलीकडे हलला तर तिमाही संपण्याची वाट न पाहता दुरुस्ती व्हावी, हे कलम मागून पाहावे. सगळे ग्राहक देणार नाहीत, परंतु ज्या ग्राहकाला त्या कास्टिंगचा दुसरा स्रोत नाही तो देतो.

पैशाच्या मुदतीबाबत 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा स्पष्ट आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि तीही जास्तीत जास्त 45 दिवस, तर करार नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. बँक रेट 6 टक्के धरला तर हे व्याज 18 टक्के होते. 1 एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येनुसार 25 कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 100 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु ठरतो, त्यामुळे कोल्हापुरातील बऱ्याच फाउंड्री यात बसतात. 2023 च्या वित्त कायद्याने आणखी एक अट आली: अशा उद्योगाचे पैसे या मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, प्राप्तिकरासाठी वजा करून मिळत नाही.

कायदा असला तरी नियमित ग्राहकाविरुद्ध थकीत येण्यांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे तक्रार कोणी सहजासहजी करत नाही, हेही खरे आहे. व्यवहारात ट्रेड्स (TReDS) ही बिले ऑनलाइन वटवण्याची व्यवस्था अधिक उपयोगी पडते. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट यांसारख्या मंचांवर आपले बिल चढवले, खरेदीदाराने ते मान्य केले, की बँका त्यावर सवलतीचा दर, म्हणजे बिलातून आधीच कापून घ्यायच्या व्याजाचा दर, बोलतात आणि पैसे काही दिवसांत खात्यात येतात. पुढे खरेदीदाराने पैसे बुडवले तरी बँक आपल्याकडे वसुलीला येत नाही. सवलतीचा दर खरेदीदाराच्या पतीवर ठरत असल्याने तो सहसा आपल्या कॅश क्रेडिटच्या व्याजापेक्षा कमी असतो. 250 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची आहे. आपला ग्राहक नोंदलेला असूनही बिले मान्य करत नसेल, तर पुढील दरवाटाघाटीत दरापेक्षा आधी हा मुद्दा मांडावा. 75 चे 10 दिवस झाले तर काय होते, हे वरच्या हिशेबात घालून पाहावे म्हणजे दरातील थोडी सूट देऊनही ते परवडते का हे कळेल.

निर्यातीच्या करारात शुल्क आणि भाडे कोणाकडे आहे हे पुन्हा वाचावे. आपल्या बंदरावर जहाजात माल चढवून देण्याच्या अटीवर जबाबदारी तिथे संपते; ग्राहकाच्या दारात शुल्कासह पोहोचवण्याची अट असेल, तर अमेरिकेतील वाढीव शुल्क आपल्याच खिशातून जाते. पैसे देण्याची मुदत माल ग्राहकाच्या गोदामात पोहोचल्यापासून मोजली जात असेल, तर जहाज सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेल्याने युरोपच्या फेरीत वाढणारे सुमारे दोन आठवडे थेट येणीच्या दिवसांत मिळवावे लागतात. विनिमय दरासाठी पक्क्या ऑर्डरपुरतेच फॉरवर्ड करार (डॉलरचा दर आधीच बांधून घेणारे) करावेत आणि नव्या ग्राहकासाठी ईसीजीसी या निर्यात विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचे विमासंरक्षण घ्यावे.

लहान जॉबवर्कर आणि पॅटर्न

साखळीत सर्वांत आधी तुटते ती सर्वांत लहान कडी. फेटलिंगचा ठेकेदार, दोन सीएनसी यंत्रांवर मशीनिंग करणारा, कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) बनवणारा, यांच्याकडे दहा दिवसांचेही भांडवल नसते. ग्राहकाने आपले पैसे लांबवले की आपण यांचे लांबवतो, आणि मग एक दिवस त्याचे कामगार दुसरीकडे गेलेले असतात. वर सांगितलेला 45 दिवसांचा कायदा त्यांच्या बाजूनेही आपल्याला लागू आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे: त्यांची देणी एकूण देण्यांत थोडी असतात आणि त्यांचे थांबणे मात्र संपूर्ण चालू काम अडवते. पैसे कोणाचे थांबवायचे अशी वेळ आलीच, तर मोठ्या पुरवठादाराशी बोलून त्याचे थांबवावेत आणि जॉबवर्करचे वेळेवर द्यावेत.

पॅटर्न (वाळूत साचा उठवण्याचे नमुने) आणि कोअर बॉक्स कोणाचे, कुठे आणि कोणत्या स्थितीत आहेत याची नोंदवही छायाचित्रांसह ठेवावी. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. साचे, डाय, जिग यांना ही मुदत नाही, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे तिकडे पडून विसरले जातात. ऑगस्ट 2019 च्या आणि जुलै 2021 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. जून लागण्यापूर्वी जास्त खपाचे पॅटर्न उंचावर हलवावेत, पुण्याच्या ग्राहकाकडे जाणाऱ्या तयार मालाचा आठवडाभराचा साठा महामार्ग बंद पडणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडे भाड्याच्या गोदामात ठेवावा, आणि त्याचे भाडे ग्राहकाकडून मिळते का हे एप्रिलमध्येच विचारावे.

दर सोमवारचा एक कागद

हे सर्व चालू ठेवण्यासाठी मोठी संगणक प्रणाली लागत नाही. दर सोमवारी मालक, खरेदी, उत्पादन आणि हिशेब विभागाने एका पानावर पुढील गोष्टी पाहाव्यात: ज्यांचे पुरेसे दिवस सावरण्याच्या दिवसांपेक्षा कमी आहेत अशा वस्तू, गेल्या आठवड्यात कोणत्या मालाला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले, प्रत्येक ग्राहकाची शेड्यूलच्या तुलनेत उचल, आणि 60 दिवसांपेक्षा जुनी येणी. प्रत्येक बाबीपुढे मर्यादा आणि त्यापुढची कृती आधीच लिहिलेली असावी. उदाहरणार्थ, बेंटोनाइटची गाडी सलग दोनदा उशिरा आली तर दुसऱ्या पुरवठादाराचा हिस्सा वाढवून एकूण खरेदीच्या निम्म्यावर न्यावा, एखाद्या ग्राहकाची येणी 75 दिवसांवर गेली तर त्याचा नवा पॅटर्न हाती घेऊ नये. संकटाच्या दिवशी असा निर्णय घ्यायला बसले की नाती, भीड आणि घाई मध्ये येतात.

बाजार स्थिरावू लागला की हाच कागद उलट्या दिशेने वापरावा. माल येण्याचे दिवस सलग दोन महिने सरासरीवर राहिले, तर सुरक्षित साठ्याचा आकडा नव्याने काढावा आणि जादा माल नवी खरेदी थांबवून वापरून संपवावा. सर्वांत आधी रेझिनसारखा मुदतीचा माल, मग पिग आयर्न आणि स्क्रॅप, असा क्रम ठेवावा. मोकळी झालेली रक्कम प्रथम कॅश क्रेडिटमध्ये भरावी आणि तात्पुरती वाढीव मर्यादा मुदतीपूर्वी परत करावी, म्हणजे पुढच्या वेळी तोच अर्ज बँकेत लवकर मंजूर होतो. भट्टीचे सुटे भाग आणि रॅमिंग मास यांचा साठा मात्र कमी करू नये, आणि दुसऱ्या पुरवठादाराचा चौथा हिस्साही चालूच ठेवावा.